बातम्या डोक्यावरून जातात? वर्षभर नुसता कांदा बघा

मार्च २०२५ मध्ये मी मामांना फोन केला होता. बातमी अशी होती की १ एप्रिलपासून कांद्याचं निर्यातशुल्क पूर्ण शून्य होणार, आणि मी पुण्यात बसून, चहाचा कप हातात घेऊन, एकदम ठासून सांगितलं की मामा आता भाव वर जाणार, उन्हाळ कांदा विकायची घाई करू नका, सगळा चाळीत, म्हणजे कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये, भरा. मामा निफाड तालुक्यातले, सगळं आयुष्य कांद्यात गेलेलं, पण भाचा शिकलेला, रोज पेपर वाचतो, म्हणून त्यांनी ऐकलं. दिवाळीला गेलो तेव्हा ते त्या विषयावर काहीच बोलले नाहीत, फक्त चाळीकडे घेऊन गेले. लांबूनच वास आला. वरच्या थराला हिरवे मोड फुटलेले, खाली काजळी धरलेली, आणि मधल्या सडक्या कांद्याचं पाणी फळ्यांतून ठिबकत होतं. मामा एवढंच म्हणाले, "शुल्क शून्य झालं म्हणालात ना भाचेबुवा, भाव पण तिकडंच निघालाय."

बातमी खरी होती, मी वाचली पण नीट होती, तरी अर्थ चुकीचा लावला, कारण मी एक बातमी बघितली आणि तिच्या आजूबाजूचं काहीच बघितलं नाही. हा लेख त्यातूनच आलाय. ज्यांना आत्ता कुठे अर्थव्यवस्था, राजकारण, टेक्नॉलॉजी असलं वाचायची आवड लागलीय पण रेपो रेट, बेस इफेक्ट, निर्यातबंदी हे शब्द आले की स्क्रोल करून पुढे जातात, त्यांच्यासाठी. मी काही अर्थतज्ज्ञ नाही, मामांचं नुकसान करून शिकलेला माणूस आहे.

पहिलं काम : एकच वस्तू धरा

सगळं एकदम समजून घ्यायला जाऊ नका. शेअर मार्केट, ट्रम्प, एआय, सोनं, डॉलर, रोज एवढं येतं की रात्री झोपताना आठवत काहीच नाही, नुसतं डोकं जड होतं. त्यापेक्षा एक वस्तू धरा आणि वर्षभर तिचा पिच्छा सोडू नका. कापूस धरा, सोयाबीन धरा, दूध धरा, मोबाईलचा रिचार्ज धरला तरी चालेल. मी कांदा धरला कारण तो माझ्या घरचाय, आणि दुसरं म्हणजे या देशात कांद्याइतकं राजकारण कुठल्याच भाजीत नाही. १९८० च्या निवडणुकीत इंदिरा गांधींनी कांद्याचे भाव प्रचारात आणले होते, १९९८ मध्ये दिल्ली राज्यातलं भाजपचं सरकार गेलं त्यात कांद्याचा मोठा हात होता. वांग्यामुळे सरकार पडल्याचं तुम्ही ऐकलंय का कधी?

वस्तू अशी घ्या की जी तुम्ही स्वतः विकत घेता किंवा तुमच्या घरचं कुणीतरी पिकवतं, विकतं, वाहून नेतं. म्हणजे बातमी आली की लगेच एका माणसाला फोन करून विचारता येतं की खरंय का हे. हा फोन फार महत्त्वाचा आहे, पुढे परत येईन त्यावर.

दुसरं : वस्तूचं वेळापत्रक पाठ करा

हे कुणी सांगत नाही आणि निम्मा गोंधळ इथेच होतो. कांद्याची तीन पिकं असतात. खरिपाचा लाल कांदा साधारण ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये येतो, त्याच्यामागून रांगडा, तो जानेवारी ते मार्च, आणि मार्च-एप्रिलपासून मे पर्यंत निघतो तो रब्बीचा उन्हाळ कांदा. लाल आणि रांगडा टिकत नाही, काढला की विकायचा, भाव असो नसो. उन्हाळ तेवढा चाळीत टिकतो, आणि जूनपासून लाल कांदा येईपर्यंत सगळा देश त्याच चाळींवर जगतो.

आता हे एकदा डोक्यात बसलं की बातम्या आपोआप लागायला लागतात. सप्टेंबर-ऑक्टोबरात "कांदा रडवणार" छाप मथळे दर वर्षी का येतात? कारण चाळी रिकाम्या होत आलेल्या असतात आणि लाल अजून रानात असतो. त्यात पाऊस लांबला की संपलंच. २०१९ ला तेच झालं, अवकाळीने लाल कांदा रानातच नासला आणि डिसेंबरात बऱ्याच शहरांत किलोला शंभरच्या वर गेला. मग सरकारने इजिप्त, तुर्कस्तानहून कांदा मागवला, तो जहाजातून येईपर्यंत आपला कांदा बाजारात आला, परदेशी कांद्याची चव लोकांना आवडेना, राज्यं उचल करेनात. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये "शेतकऱ्याने कांदा रस्त्यावर फेकला" ही बातमी का येते, तर रांगडा एकदम येतो आणि तो ठेवता येत नाही म्हणून.

म्हणून कुठलीही भावाची बातमी वाचताना आधी महिना बघायचा. सप्टेंबरातल्या भावाची तुलना मेमधल्या भावाशी केली असेल तर ते वाक्य सोडून द्या, त्यात काही नाही.

तिसरं : भाव म्हणजे नेमका कुठला भाव?

"लासलगावला कांदा अडीच हजारांवर" असा मथळा आला की शहरातल्या माणसाला वाटतं शेतकरी खूश असणार. जरा थांबा. अडीच हजार म्हणजे क्विंटलला, म्हणजे किलोला पंचवीस रुपये, इथे पहिला गोंधळ. बाजार समितीच्या रोजच्या पत्रकात तीन आकडे असतात, किमान, कमाल आणि सरासरी. मथळ्यात येतो तो बहुतेक वेळा कमाल, आणि कमाल भाव कधीकधी दोन-चार ट्रॉल्यांनाच मिळालेला असतो, एकसारखा मोठा, कडक पत्तीचा म्हणजे सालीचा माल असतो तो. गोल्टी म्हणजे बारीक कांदा, मोड आलेला, पाणी लागलेला माल किमानला जातो. आणि सरासरी म्हणजे शाळेतली सरासरी नव्हे, किमान अधिक कमाल भागिले दोन करू नका, बहुतेक माल ज्या भावाला गेला तो आकडा असतो तो. तुम्ही सरासरीच बघा. सोबत आवक बघा, किती क्विंटल माल आला. आवक निम्मी झालीय आणि भाव थोडा चढलाय तर त्याचा अर्थ वेगळा, आवक भरपूर असून भाव चढलाय तर त्याचा अर्थ पूर्ण वेगळा.

केंद्राच्या अ‍ॅगमार्कनेट पोर्टलवर आणि आपल्या राज्याच्या पणन मंडळाच्या साइटवर हे आकडे फुकट मिळतात. रोज नको, आठवड्यातून एकदा बघितलं तरी पुरे.

आणि भाव म्हणजे हातात पडलेले पैसे नव्हेत हे तर लिहून भिंतीला लावा. फेब्रुवारी २०२३ मध्ये सोलापूरच्या बाजारात एका शेतकऱ्याने ५१२ किलो कांदा आणला होता, किलोला १ रुपया भाव निघाला, म्हणजे ५१२ रुपये, त्यातून गाडीभाडं, हमाली, तोलाई वगैरे जाऊन हातात दोन रुपयांचा चेक पडला. सगळ्या देशभर गाजलं ते. पुढे राज्य सरकारने क्विंटलला ३५० रुपये अनुदान जाहीर केलं, २०० क्विंटलच्या मर्यादेत. मामांकडे जुन्या हिशेबपट्ट्या तारेत ओवून ठेवलेल्या आहेत, मी त्या एकदा काढून बघितल्या, वरचा भाव आणि खालची निव्वळ रक्कम यांत जे काय बसलेलं असतं ते वाचायला पाहिजे एकदा तरी. तुमच्या नात्यात कुणी शेतकरी असेल तर पट्टीचा फोटो मागवा, कुठल्याही पुस्तकापेक्षा जास्त कळेल.

चौथं : टक्केवारीला घाबरू नका, फक्त विचारा, कशाच्या तुलनेत?

ऑक्टोबर २०२५ चा किरकोळ महागाईचा दर आला ०.२५ टक्के. २०१२ हे पायाभूत वर्ष धरून मोजलेल्या मालिकेतला सगळ्यात कमी. आमच्या ऑफिसात दोन दिवस हाच विषय, सगळे चिडलेले, की कुठाय स्वस्ताई, सरकार आकडे बनवतं वगैरे. आकडे बनवलेले नव्हते. महागाईचा दर हा मागच्या वर्षीच्या त्याच महिन्याशी तुलना करून काढतात, आणि ऑक्टोबर २०२४ ला तोच दर ६.२१ टक्के होता, भाज्या आभाळाला टेकल्या होत्या. उंच ढिगाऱ्यावरून मोजलं तर जमीन खालीच दिसणार. ह्यालाच बेस इफेक्ट म्हणतात, एवढंच आहे ते. (सप्टेंबरअखेर जीएसटी कमी झाला होता, त्याचाही थोडा भाग होता.)

घरच्या घरी करून बघा. समजा एखादी भाजी २०२३ ला ४० रुपये किलो होती, २०२४ ला ६०, २०२५ ला ५०. पेपर लिहिणार की भाव १७ टक्क्यांनी घसरले, आणि तुमची आई म्हणणार की दोन वर्षांत भाजी दहा रुपयांनी महागली. दोघंही बरोबर आहेत. भांडण आकड्याचं नसतंच, कुठून मोजायला सुरुवात केली त्याचं असतं.

आता कांदा आणि तुमच्या घराचा हप्ता यांचा काय संबंध, हे बघा. महागाई मोजायला सरकार घरखर्चाच्या वस्तूंची एक टोपली धरतं, प्रत्येक वस्तूला खर्चातल्या वाट्याप्रमाणे वजन देऊन. २०१२ च्या त्या टोपलीत कांद्याचं वजन फक्त ०.६४ टक्के, बटाट्याचं ०.९८, टोमॅटोचं ०.५७. क्षुल्लक वाटतं ना. पण खाण्यापिण्याचं एकूण वजन जवळपास ४६ टक्के होतं, आणि कांदा दोन-तीन महिन्यांत दुप्पट होऊ शकतो, तसं घरभाडं किंवा शाळेची फी होत नाही, म्हणून हे एवढंसं वजन आकडा हलवतं. रिझर्व्ह बँकेला महागाई ४ टक्क्यांच्या आसपास ठेवायची असते, दोन वर दोन खाली चालतं. दर दोन महिन्यांनी सहा जणांची पतधोरण समिती बसते आणि रेपो दर ठरवते, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या व्याजाने पैसे देते तो दर, आणि त्यामागोमाग आपल्या कर्जाचं व्याज हलतं. फेब्रुवारी २०२३ पासून दोन वर्षं तो ६.५० वर अडकून होता, आणि भाजीपाल्याची महागाई हे त्याचं एक मोठं कारण होतं. मग २०२५ मध्ये भाज्या उतरल्या आणि दर पण उतरत गेला, फेब्रुवारीत ६.२५, एप्रिलमध्ये ६, जूनमध्ये ५.५०, डिसेंबरमध्ये ५.२५.

म्हणजे मामांचा कांदा चाळीत सडत होता तेव्हा पुण्यात माझं गृहकर्ज स्वस्त होत होतं. हे मला खूप उशिरा लक्षात आलं आणि लक्षात आल्यावर मामांना सांगायची हिंमत झाली नाही. (जाता जाता, व्याज कमी झालं की बँका बहुतेक वेळा हप्ता तसाच ठेवतात आणि मुदत कमी करतात, तेव्हा हप्ता कमी झाला नाही म्हणून बोंब मारण्याआधी मुदत तपासा.)

पाचवं : सरकारी निर्णय वाचताना मथळा नको, तारीख आणि आकडा

इथे मी सगळ्यात जास्त वेळ घालवायला सांगेन. कांद्याची निर्यात रोखायची सरकारकडे तीन हत्यारं असतात. एक सरळ बंदी. दुसरं निर्यातशुल्क, म्हणजे पाठवा पण टॅक्स भरा. तिसरं किमान निर्यात मूल्य, म्हणजे अमुक डॉलरच्या खाली विकायचं नाही. बाहेरून तिन्ही वेगळी दिसतात पण परिणाम कधीकधी सारखाच.

२०२३-२५ ची लाइन लावून बघा. ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के शुल्क, नाशिक जिल्ह्यात लिलाव बंद पडले. ऑक्टोबरअखेर टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य. डिसेंबर २०२३ ला सरळ बंदी, ३१ मार्चपर्यंत म्हणाले. मार्च २०२४ आला तर बंदी पुढच्या आदेशापर्यंत वाढवली. मग ४ मे २०२४ ला बंदी उठली, टीव्हीवर फटाके. पण त्याच आदेशांत ५५० डॉलरचं किमान मूल्य आणि ४० टक्के शुल्क होतं. ह्याचं गणित करा, फार सोपंय. तेव्हा डॉलर साधारण ८३ रुपये, म्हणजे टनाला ५५० डॉलर म्हणजे किलोला जवळजवळ ४६ रुपये, त्यावर ४० टक्के म्हणजे आणखी अठरा, झाले ६४ रुपये. देशात त्याच्या निम्म्यानेही भाव नसताना बाहेरच्या गिऱ्हाइकाने ६४ ला का घ्यावा? दार उघडलं होतं पण उंबरा कमरेइतका होता. तो उंबरा सप्टेंबर २०२४ ला कमी झाला, किमान मूल्य काढलं आणि शुल्क २० वर आणलं, आणि शेवटी एप्रिल २०२५ ला शून्य.

अजून एक नमुना. एप्रिल २०२४ च्या शेवटी आधी गुजरातच्या २ हजार टन पांढऱ्या कांद्याला परवानगी दिली, इकडे लोक भडकले, लगेच दोन दिवसांत बातमी आली की सहा देशांना ९९,१५० टन कांदा पाठवायला परवानगी. इकडे पेढे वाटायची तयारी. नीट वाचलं तर ती आधी तुकड्या-तुकड्याने दिलेल्या परवानग्यांची बेरीज होती. म्हणून म्हणतो, सरकारी निवेदन असो की विरोधकांचं, वाचताना पेन्सिलने तीन गोष्टींना गोल करायचा, कधीपासून, किती, आणि आधी काय होतं. तिसरी गोष्ट निवेदनात कधीच नसते, ती आपल्याला शोधावी लागते.

व्हॉट्सअ‍ॅपचंही तसंच. लिलाव बंद पाडल्याचा २०२३ चा व्हिडिओ मला गेल्या वर्षी चार वेगवेगळ्या ग्रुपवर "आजची ताजी घटना" म्हणून आला. ओळखला कसा? लोक म्हणत होते "चाळीस टक्के रद्द करा", आणि चाळीस टक्के शुल्क केव्हाच गेलेलं होतं. तारखांची ती लाइन पाठ असली की असं पकडता येतं.

सहावं : निवडणूक जोडा, पण चिकटवू नका

२० मे २०२४ ला नाशिक आणि दिंडोरीत लोकसभेचं मतदान झालं. दिंडोरीत केंद्रीय राज्यमंत्री असलेल्या भारती पवार हरल्या, नाशिकची जागाही महायुतीने घालवली. सगळीकडे एकच विश्लेषण, कांद्याने वांदा केला. मीही तेच बोलत होतो, आणि ते चूक होतं असंही नाही, मामांच्या गावात तर लोक उघड बोलत होते.

पण मग सहा महिन्यांनी, नोव्हेंबर २०२४ ला विधानसभा झाली. त्याच दिंडोरी लोकसभेत सहा विधानसभा मतदारसंघ येतात, नांदगाव, कळवण, चांदवड, येवला, निफाड, दिंडोरी. सहाच्या सहा महायुतीला. जिल्ह्यात पंधरापैकी चौदा. शेतकरी तेच, कांदा तोच, शुल्क अजून २० टक्के होतंच, मग काय झालं? मधल्या काळात भाव बरे झाले होते, लाडकी बहीणचे महिन्याला १५०० रुपये खात्यात यायला लागले होते, उमेदवार वेगळे होते, जातीची गणितं लोकसभेला एक आणि विधानसभेला दुसरी. माझी मामी लोकसभेला कांद्यावर बोलत होती, विधानसभेला बोललीच नाही, हसत होती नुसती.

तेव्हा नवख्या माणसाने इथे एक सवय लावून घ्यावी. कुणी एका कारणात निवडणूक समजावून सांगितली की लगेच विचारायचं, हेच कारण याच्या पुढच्या निवडणुकीत कुठे गेलं? उत्तर आलं तर पुढे ऐकायचं.

सातवं : पलीकडच्या दाराला कडी आहे का बघा

माझी चूक इथे झाली होती. आपण शुल्क काढलं, म्हणजे आपल्या बाजूचं दार उघडलं. पण आपल्या कांद्याचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक बांगलादेश, आणि त्यांच्या बाजूला काय चाललंय हे मी बघितलंच नव्हतं. २०१९ ला आपण अचानक निर्यातबंदी केली तेव्हा त्यांच्या त्या वेळच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत येऊन हसत हसत म्हणाल्या होत्या की मी स्वयंपाक्याला सांगितलं, कांद्याशिवाय कर. २०२० ला परत तसंच केलं, सीमेवर ट्रक अडकले. २०२३ ला परत. चार वर्षांत तीनदा दार तोंडावर आपटल्यावर कुठलाही शेजारी काय करेल? स्वतः लावेल. त्यांनी लागवड वाढवली, आणि २०२५ मध्ये तर बराच काळ आयात परवानेच रोखून धरले, त्यांचे शेतकरी वाचवायला. वर ऑगस्ट २०२४ मध्ये तिथलं सरकारच बदललेलं.

आणि इकडे काय, तर २०२४-२५ च्या पुढे आलेल्या सरकारी अंदाजात देशाचं कांदा उत्पादन ३०७ लाख टनांच्या आसपास होतं, आधीच्या वर्षी ते २४२ लाख टन होतं. म्हणजे माल पाव पटीने वाढलेला आणि मोठं गिऱ्हाईक बंद. माल वाढणार एवढं तरी मार्चमधल्या सरकारी अंदाजांतही दिसत होतं, मी ते बघितलं असतं तर मामांना फोन केला नसता. मी फक्त शुल्काची बातमी बघितली कारण ती मोठ्या अक्षरात होती.

सोयाबीन धरलं असेल तर खाद्यतेलावरचं आयातशुल्क बघा, कापूस धरला असेल तर अमेरिकेचं टॅरिफ आणि कापसावरचं आपलं आयातशुल्क दोन्ही बघा. प्रत्येक वस्तूला पलीकडचं एक दार असतंच.

आठवं : टेक्नॉलॉजीची बातमी

ह्यात मी फार खोलात जात नाही, एकच उदाहरण घ्या. दर दोन-तीन वर्षांनी बातमी येते की आता किरणं मारून कांदा टिकवणार, क्रांती होणार. लासलगावला भाभा अणुसंशोधन केंद्राचं 'कृषक' नावाचं विकिरण केंद्र २००२ पासून उभं आहे! २०२४ मध्ये राज्य सरकारने कांदा महाबँकेची घोषणा केली त्यातही मुद्दा विकिरणाचाच. त्याआधी २०२२ ला केंद्राने साठवणुकीच्या नवीन कल्पनांसाठी ग्रँड ओनियन चॅलेंज नावाची स्पर्धा पण घेतली. मग तंत्रज्ञान असून मामांच्या चाळीत ठिबक का चालू आहे? कारण विकिरणाने मोड येणं थांबतं, सड थांबत नाही, वजनही घटतच राहतं, म्हणजे नंतर थंड गोदाम लागतं, गोदामाला वीज लागते, विजेला पैसे लागतात, आणि सप्टेंबरात निर्यातबंदी आली तर तो सगळा खर्च अंगावर. कोण घालेल पैसे?

म्हणून ड्रोन असो, एआय असो की चाळीतले सेन्सर, मी आता तीनच प्रश्न विचारतो. ह्याचा खर्च कोण करणार, वाचलेले पैसे कोणाच्या खिशात जाणार, आणि हेच दहा वर्षांपूर्वी कुठल्या नावाने आलं होतं. २०१६ ला ई-नाम, म्हणजे बाजार समित्या जोडणारा केंद्राचा ऑनलाइन बाजार, सुरू झालं तेव्हा वाटलं होतं की घरबसल्या दिल्लीच्या व्यापाऱ्याला माल विकू. पण व्यापारी अजूनही ट्रॉलीत हात घालून, कांदा दाबून, पत्ती सोलून बघतो आणि मगच बोली लावतो, कारण स्क्रीनवर सड दिसत नाही. ह्याच्या उलट, कुणी गाजावाजा न करता साध्या व्हॉट्सअ‍ॅपने बाजार बदलला. मामा आता सकाळी नऊच्या लिलावाचा व्हिडिओ बघून ठरवतात की ट्रॅक्टर लासलगावला न्यायचा का विंचूरला. अर्थात बाकीचे दोनशे जण पण तेच बघतात आणि सगळे विंचूरला वळतात, मग दुपारी विंचूरला आवक फुगते आणि भाव बसतो, ती वेगळी गंमत.

शेवटचं : वही करा

मोबाईलमध्ये नको, कागदाची करा, शंभर पानी. दर रविवारी पंधरा मिनिटं. डाव्या पानावर तारीख, लासलगावचा सरासरी भाव, आवक, आणि तुमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याचा भाव. खाली त्या आठवड्यातली एक बातमी, एकच, आणि ती कोण सांगतंय त्याचं नाव, मंत्री, व्यापारी, शेतकरी संघटना की ग्राहकांची संघटना, कारण चौघांना वेगवेगळा भाव हवा असतो आणि चौघंही खरं बोलत असू शकतात. उजव्या पानावर तुमचा अंदाज लिहायचा, तारखेसकट, पेनाने. "भाव वाढतील" असं गुळमुळीत नको, "दोन महिन्यांत सरासरी दोन हजारांच्या वर" असं लिहा, म्हणजे नंतर पळवाट राहत नाही. चुकला की खोडायचं नाही, शेजारी लाल पेनाने लिहायचं की कुठली गोष्ट बघायची राहिली.

पहिले तीन महिने सगळी पानं लाल दिसतील. माझी दिसली. साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात असं व्हायला लागतं की बातमी वाचताना आपोआप प्रश्न पडतात, ह्या महिन्यात कुठला कांदा असतो, बांगलादेशचं काय, हा कमाल भाव की सरासरी. मग हेच प्रश्न पेट्रोलच्या बातमीलाही विचारता येतात, सोन्याच्याही, नोकरकपातीच्याही.

आणि लिहून झालं की तो फोन करायचा, ज्या माणसाच्या रोजच्या पोटाचा त्या वस्तूशी संबंध आहे त्याला, आणि सांगायला नाही, विचारायला. मी दर रविवारी मामांना करतो. गेल्या वेळी विचारलं, यंदा चाळीत किती भरणार, तर म्हणाले, "ते मी बघतो, तुमच्या वहीत काय निघालं ते सांगा आधी, म्हणजे मी उलटं करतो."